किती ओढते ते सोडा, थांबते का ते सांगा



परवा मेव्हण्याचा फोन आला. खानापूर तालुक्यातला गडी, डाळिंबाची बाग आहे, पिकअप घ्यायची म्हणतोय. पहिलाच प्रश्न, "दाजी, तुमची किती ओढते ओ?"

मी म्हटलं, "किती वजनाला थांबते ते विचार की आधी."

तो हसला. त्याला वाटलं दाजी चेष्टा करतायत. मग म्हणाला, "तसं न्हवं, आमच्या शेजाऱ्याची अडीच टन बिनधास्त ओढती, म्हणून विचारलं."

हे 'बिनधास्त' ऐकलं की माझं टाळकं सरकतं. म्हणून आज पिकाचं काही लिहीत नाही, गाडीचं लिहितो. पानावर नेहमी डाऊनी, घडसंख्या आणि उसाचे फुटवे वाचायला येणाऱ्यांनी एक दिवस सहन करावं. गाडी हेही शेतीचंच अवजार आहे आणि आपल्या भागात त्या अवजारानं जेवढी माणसं मारलीत तेवढी कुठल्या औषधानंही मारली नसतील.

माझी पहिली पिकअप २०१३ साली घेतली. जुनीच होती, दोन हात फिरलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता आणि मला कुणाची जाहिरात किंवा बदनामी करायची नाही. कागदावर भार १.३ टन. घेतली त्याच आठवड्यात पाटेवाल्याकडं नेऊन मागच्या कमानीत दोन-दोन जादा पाटे टाकून घेतले. तेव्हा कुंडलात, पलूसला, किर्लोस्करवाडीच्या फाट्यावर कुणालाही विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. गाडी घेतली की पाटे वाढवायचे. नारळ फोडण्याइतकं ते ठरलेलं. पाटेवाल्यानं काम झाल्यावर हौद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "आता घाला काय घालायचं ते. दोन टनाला हलणार न्हाई."

आणि खरंच हलली नाही. खत आणलं, द्राक्षाचे क्रेट नेले, सिमेंट आणलं, भावकीच्या लग्नात आचाऱ्याची भांडी आणि वर माणसं नेली. गाडी बसायची नाही, वाकायची नाही. मी पण चारचौघांत सांगायचो, "दोन टन बिनधास्त."

माझ्याकडं गाडीची वही असते. डिझेल, ऑइल, काम, सगळं लिहितो. ती वही नंतर मी उघडून बघितली तर पहिल्या पाच वर्षांत क्लच प्लेट तीनदा, मागचं व्हील बेअरिंग तीनदा, हौद्याच्या खालची चासी एकदा वेल्डिंग, टायरचा हिशेबच नको. दर वेळी मी गाडीला शिव्या दिल्या. 'आता पहिल्यासारखा माल येत नाही', 'मिस्त्रीनं डुप्लिकेट प्लेट टाकली', सगळी कारणं सांगून झाली. मी सव्वा टनाच्या गाडीवर दोन टन घालतो हे कारण एकदाही वहीत लिहिलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. २०१९ चा मार्चअखेर. खरड छाटणीच्या आधी बागेत चर भरायचे होते म्हणून कडेगावच्या पलीकडनं लेंडीखत आणायला गेलो. सोबत पोरगं होतं, तेव्हा आठवीत. आदल्या रात्री तिकडं अवकाळी पडला होता आणि ढीग उघड्यावर. लेंडीखत वाळलेलं असलं की हलकं, भिजलं की शिशासारखं. हे मला माहीत होतं. तरीपण भरताना डोळ्यानं हौदाच बघितला, वजन नाही. हौदा शिगेला भरला, ताडपत्री बांधली, निघालो. देवराष्ट्रे सोडलं आणि सागरेश्वरच्या घाटाला लागलो.

चढ आरामात चढली. टर्बो आहे, ओढणारच. 'ओढते' याचं मला त्या क्षणी कौतुकच वाटलं. आणि माथ्यावरनं ताकारीच्या अंगाला उतार लागल्यावर मी तेच केलं जे आपल्यातले निम्मे लोक डिझेल वाचवायला करतात. न्यूट्रल केली.

दुसऱ्या वळणाला ब्रेक लागला. तिसऱ्याला लागला, पण पाय जास्त आत गेला. करपल्याचा वास आला. पोरगं म्हणालं, "पप्पा, कायतरी जळतंय." चौथ्यांदा दाबला तर पाय फळीला टेकला आणि गाडी तशीच. गिअर टाकायला गेलो तर पडेना, दात खरखरले. दोनदा पंप करून थोडा ब्रेक आला, तेवढ्यात तिसरा पडला, मग दुसरा. इंजिन किंचाळलं. समोरनं एक दुचाकी येत होती, नवराबायको आणि मधी लेकरू. मी गाडी डाव्या अंगाला मुरमाच्या दरडीला घासली, हौद्याचा पत्रा फाटत गेला आणि पन्नास-साठ फुटांवर ती थांबली. दुचाकीवाला शेजारनं गेला. त्याला काय झालं ते कळलंही नसंल. तो माझ्याकडं बघून, भरलेली गाडी अशी कडंला का लावलीय, असं तोंड करून गेला.

पोरगं रडलं नाही. गप्प बसलं. आम्ही तासभर मुरमावर बसून होतो, चाकातनं धूर निघत होता. खाली आल्यावर मी गाडी सरळ वजनकाट्यावर घातली. आरसीवर भरलेल्या गाडीचं वजन तीन टनाच्या आत. काट्यावर सव्वाचार टन.

मिस्त्रीनं चाकं खोलली, लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ड्रम तापला की लायनरची पकड जाते, आणि ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसलं तर त्यात ओल धरलेली असते, ती उकळते, वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, तेल दबत नाही. म्हणून पाय फळीला टेकतो आणि चाकाला काही पोचत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझ्या वहीत सहा वर्षांत ते एकदाही नव्हतं. इंजिन ऑइल आम्ही देवाच्या नैवेद्यासारखं वेळेवर घालतो, कारण ओढणारं इंजिन.

आणि मग मिस्त्रीनं मला एक गोष्ट दाखवली. ती मला पाटेवाल्यानं सांगितली नव्हती, विकणाऱ्यानं सांगितली नव्हती. मागच्या एक्सलपाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याला एक दांडी. बऱ्याच पिकअपना असतो. गाडी भरली की हौदा खाली बसतो, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळतं की वजन आलंय, मागच्या चाकाला जादा ब्रेक सोडायचा. गाडी रिकामी असली की मागचा ब्रेक कमी सोडतो, म्हणजे चाक जाम होऊन गाडी फिरत नाही. आता बघा, मी काय केलं होतं. जादा पाटे टाकले. वजन घातलं तरी हौदा बसत नाही. 'दोन टनाला हलणार न्हाई' म्हणतात ते हेच. मग त्या दांडीला वाटतंय गाडी रिकामी आहे, आणि तो व्हॉल्व्ह मागच्या चाकाला रिकाम्या गाडीचा ब्रेक सोडतोय. म्हणजे दोन हजार रुपये देऊन मी माझ्या गाडीला खोटं बोलायला शिकवलं होतं. भार दुप्पट, ब्रेक कमी.

हे वाचून आज तरी गाडीखाली वाका. पाटे टाकले असतील तर त्या दांडीचं काय केलंय ते मिस्त्रीला विचारा.

आता वजनाचा हिशेब. आपल्याकडं '१.७ टनी' गाडी म्हटलं की माणूस १.७ टन माल धरतो, आणि वर 'थोडं चालतंय' म्हणून दोन. आरसीवर दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचं वजन, एक भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. त्यांची वजाबाकी म्हणजे तुमचा भार. पण त्या वजाबाकीत लोखंडी जाळी, वाढवलेले फाळके, ताडपत्री, दोरखंड, केबिनमधली माणसं सगळं आलं. जाळीचे दीडशे किलो धरा, तीन माणसांचे दोनशे. १,७०० मधनं राहिले १,३५०. द्राक्षाचा क्रेट मालासकट बावीस किलोचा धरला तर एकसष्ट क्रेट. आपल्यात शंभराच्या आत गाडी हलवतो कोण? शंभर क्रेट म्हणजे बावीसशे किलो.

लगेच कमेंट येणार, 'कंपनी मुद्दाम कमी लिहिते, गाडी दणकट असते.' असते ना दणकट. पण ती जी शिल्लक ठेवलेली असते ती खड्ड्यासाठी असते. गाडी खड्ड्यात आपटते तेव्हा एक्सलवर क्षणभर दुपटीच्या आसपास मार बसतो. तो मार खायला ठेवलेली जागा तुम्ही मालानं भरता, आणि मग आपल्या रस्त्याला एक्सल तुटला की कंपनीच्या नावानं बोंब मारता. आपल्या रस्त्यांबद्दल तरी आपल्याला भ्रम नसावा.

वाशीला द्राक्षं घेऊन जाणाऱ्यांनी तर हे पाठ करावं. खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एस वळण. त्याच्या पुढं कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल, तिथला उतार सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालाय. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका ट्रकनं चाळीसच्या वर गाड्या चेंदल्या. त्यानंतरही तिथं माणसं मेलीत. ओढायला कमी पडली म्हणून त्या उतारावर कुठली गाडी कुणावर चढलेली नाही.

हे झालं पिकअपचं. पण पिकअप हे लहान पाप. मोठं पाप दिवाळीनंतर रस्त्यावर उतरतं.

एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनाचा. मागं ऊस वीस टन, कधी बावीस, आणि ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन वेगळं. ट्रॉलीला ब्रेक नाही. ट्रॅक्टरला ब्रेक आहे तो फक्त मागच्या दोन चाकांना. म्हणजे वीस-पंचवीस टनाचा डोंगर दोन टायरच्या भरवशावर तासगाव-कराड रस्त्यानं रात्री बारा वाजता चाललाय. वर डेक लावलाय, त्याचा आवाज इतका की मागच्याचा हॉर्न सोडा, इंजिनातला खडखडाट त्याला ऐकू येत नाही.

सपाटीला चालतं. उताराला ड्रायव्हरनं ब्रेक मारला की ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि ट्रॉली थांबत नाही. ती ढकलते. सरळ ढकलली तर ट्रॅक्टर घसरत पुढं जातो, तिरकी ढकलली तर कैची होते, ट्रॅक्टर आडवा आणि ट्रॉली अंगावर. त्यात दोन ब्रेक पॅडल जोडायची पट्टी लावलेली नसते, कारण सकाळी रानात वळवायला ती काढलेली असते आणि रस्त्यावर आल्यावर परत लावायची आठवण राहत नाही. एकाच चाकाला ब्रेक लागला की पुढचं सांगायला नको.

ज्यांना वाटतं की ट्रॉलीला ब्रेक ही परदेशी चैन आहे त्यांनी आजोबांना विचारावं. जुन्या बैलगाडीच्या चाकावर दाबायचा लाकडी ठोकळा असायचा, उताराला तो दाबायचे, नाहीतर गाडी बैलाच्या अंगावर जायची. बैलावर किती भार घालायचा याचा तर केंद्र सरकारचा नियम १९६५ पासून आहे, किलोसकट. युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावाच लागतो. साडेसातशे किलो! आपल्याकडं तेवढी तर ट्रॉलीच्या शिगंवरची मोळी असते. तंत्रज्ञान काय आभाळातनं पडायचं नाही. ट्रॅक्टर थांबला की ट्रॉली पुढं रेटते, त्या रेट्यानंच दांडीतला ब्रेक दाबला जातो, अशी साधी यंत्रणा जगात कितीतरी वर्षं चालू आहे. इथं पाच-सात किलोमीटरवर किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली निवडुंगाच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. तेव्हा लोक म्हणायचे लोखंडानं जमीन विषारी होते. तो संशय खोटा होता, पण निदान यंत्राकडं संशयानं बघायची सवय तरी होती. आता आपण यंत्रावर देवासारखा विश्वास ठेवतो आणि त्याच्यासोबत आलेलं पुस्तक डिकीत कुजवतो.

पंक्चर झालेली ट्रॉली हा वेगळाच विषय. ती रस्त्यातच उभी राहते. मागं दिवा नाही, असला तर लोंबत्या उसाखाली झाकलेला. खूण म्हणून चाकामागं आणि चार हातांवर दगड ठेवतात. पंक्चर निघाली की ट्रॉली जाते आणि दगड तिथंच राहतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या भावकीतला एक पोरगा रात्रपाळी करून येताना असल्याच उभ्या ट्रॉलीला मागनं धडकला. बावीस वर्षांचा. मी रात्री तिथं पोचलो तर ट्रॉलीचा मालक रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला होता. तोही आपल्यातलाच, तिशीतला, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर, मुकादमाला दिलेली उचल बुडालेली, टोळी अर्धीच आलेली. मला त्याला मारावंसं वाटलं आणि पाणीही द्यावंसं वाटलं. शेवटी पाणी दिलं. लाल पट्टी ट्रॉलीला होती. हंगामाच्या सुरुवातीला कार्यक्रम होतो, साहेब येतात, फोटो निघतो, तेव्हा लावलेली. तिच्यावर बोटभर चिखल होता. मी बोटानं पुसली तर टॉर्चमध्ये लख्ख चमकली.

म्हणून मी एकट्या ड्रायव्हरला किंवा ट्रॅक्टरमालकाला शिव्या द्यायला बसलेलो नाही. ते सोपं आहे, आणि गावात सगळे तेच करतात. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, खेपेवर नाही. मग तो जास्तच भरणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही भरलं असतं. मी पिकअपमध्ये भरतच होतो की.

पण एक जागा अशी आहे जिथं हे सगळं थांबवता येतं, आणि तिथं रोज, चोवीस तास, प्रत्येक ट्रॉलीचं वजन होतं. काटा! कुठलाही कारखाना घ्या, एकट्याचं नाव घेत नाही. काट्यावर गाडीचा नंबर छापून येतो, तारीख येते, मिनिटासकट वेळ येते, वजन किलोत येतं. चोरी करणाऱ्याला अशी छापील पावती देणारं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पुरावा शोधायला कुणाला अंधारात नाक्यावर उभं राहायची गरजच नाही, पुरावा हंगामभर छापून फायलीला लागतोय. तरीपण सगळ्यांना वाटतं 'कुणाला माहीत नाही'.

काट्यावर एवढंच ठरवायचं: एवढ्या वजनापुढचा ऊस त्या गाडीच्या वाहतुकीच्या बिलात धरायचा नाही. ऊस परत पाठवू नका, शेतकऱ्याच्या खात्यात पूर्ण धरा. पण जादा टनाचं भाडं वाहतूकदाराला शून्य. आणि दर असा द्या की बेताचं भरूनही त्याचा हप्ता फिटेल. दुसऱ्या आठवड्यात शिगा खाली येतील बघा. पोलीस लागणार नाही, आरटीओ लागणार नाही.

इथं माझेच ऊसवाले भाऊ मला धरणार. 'खेपा वाढतील, वाहतूक वाढेल, आणि ती आपल्याच बिलातनं कापणार.' बरोबर आहे. तोडणी-वाहतूक आपल्याच एफआरपीतनं जाते, हे मला कुणी शिकवू नये, माझाही चार एकर ऊस आहे. वाढेल. टनामागं काही रुपये जातील. माझ्या बिलातनं कापा, मी लिहून देतो. आज आपण जी स्वस्त वाहतूक म्हणतो ती स्वस्त नाही, तिची बाकी त्या बावीस वर्षांच्या पोराच्या घरी गेली. तिथं कुणी कापून घेतलं नाही, सगळंच घेतलं.

अंगदवाले आणि बैलगाडीवाले यातनं सुटले असं समजू नका, पण त्यांचं पुन्हा कधीतरी.

टोचनाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय संपवत नाही, कारण हंगामात चिखलात रुतलेली ट्रॉली काढायला दुसरा ट्रॅक्टर लावणं रोजचं झालंय. साखळी बांधताना ती खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वरच्या टॉप लिंकला किंवा एक्सलच्या वर बांधली आणि जोर लावला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, आणि एकदा उचललं की ड्रायव्हरला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही, ट्रॅक्टर मागं उलटतो. 'तोंड उचललं की जोर चांगला लागला' असं म्हणून टाळ्या वाजवणारे मी बघितलेत. व्हिडिओ काढतात, गाणं लावून टाकतात. नायलॉनचा दोर तर वापरूच नका, तो ताणून तुटला की आसुडासारखा येतो. ओढताना बघे लोक लांब ठेवा. बंद पडलेली पिकअप टोचन करून आणत असाल तर लक्षात ठेवा, इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर बंद. दोन वेळा दाबल्यावर पॅडल दगडासारखं होतं. स्टेअरिंगही जड. म्हणून टोचनावरच्या गाडीत पोरगं बसवू नका, जाणता माणूस बसवा, आणि वेग माणूस पळतो तेवढाच.

या गावानं १९४३ साली इंग्रजाला न विचारता स्वतःचं सरकार चालवलं. कुंडल प्रतिसरकारची राजधानी होती, न्यायनिवाडे इथं व्हायचे, दारू बंद व्हायची, लग्नं कमी खर्चात लागायची. दरवर्षी आपण त्यावर भाषणं ऐकतो. आणि त्याच गावातल्या ट्रॉलीवरचा चिखल पुसायला आपल्याला आरटीओ साहेबाची वाट बघावी लागते.

माझी आत्ताची पिकअप २०२० ची. जादा पाटा नाही. हिशेब एकदा काढून केबिनमध्ये खडूनं लिहिलाय: क्रेट ६०, खत २४ पोती, ओलं असेल तर १८. गडी हसतात. 'अण्णा, गाडी अर्धीच जाती की' म्हणतात. जाऊ दे. क्लच प्लेट अजून कंपनीचीच आहे. मागचे टायर गेल्या वर्षी बदलले. ब्रेक ऑइल तीनदा बदललं, वहीत आहे. खेपा जास्त होतात, डिझेल जास्त लागतं, तेही वहीत आहे, लपवत नाही. ज्याला बघायचीय त्यानं घरी यावं, वही दाखवतो.

येत्या रविवारी सकाळी मी, माझं पोरगं (आता डिप्लोमाला आहे) आणि आळीतले दोघं-तिघं मारुतीच्या देवळापाशी बादली आणि फडकी घेऊन थांबणार आहोत. जी ट्रॉली येईल तिच्या मागच्या पट्ट्या पुसणार. नसतील त्यांना लावणार, पन्नासेक पट्ट्या आणल्यात. ट्रॉलीवाल्यांनी दोन मिनिटं थांबावं, डेक तेवढा बारीक करावा. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी येताना रस्त्यात दिसलेले दगड उचलून आणावेत, आपल्याला ते तालमीच्या कट्ट्याला लागणारच आहेत.

मेव्हण्याला परत फोन केला होता. त्याला म्हटलं, गाडी कुठलीही घे, मला फरक पडत नाही. फक्त शोरूमला जाशील तेव्हा आरसीवरचे दोन आकडे विचार, वजाबाकी कर, आणि भरलेली गाडी घेऊन रेवणसिद्धाच्या उताराला एकदा ब्रेक मारून दाखवा म्हण.

"ते काय दाखवतात व्हय दाजी?"

"न्हाई दाखवत. म्हणून तर विचार."